सॅकमधला एक किलो नेमका कुठे लागतो

ट्रेकच्या आदल्या रात्री ग्रुपवर हमखास पडणारा प्रश्न म्हणजे ‘सॅक किती किलोची असावी?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर: एका दिवसाचा ट्रेक असेल तर स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के, मुक्काम असेल तर वीस टक्के. ठोकताळा म्हणून ठीक आहे, पण त्यात एक मोठी गोम आहे. तंबू, पातेलं आणि तीन लिटर पाणी यांचं वजन माणूस बघून बदलत नाही. पन्नास किलोच्या मुलीच्या वाट्याला वीस टक्क्यांच्या हिशेबाने दहा किलो येतात आणि ऐंशी किलोच्या मुलाच्या वाट्याला सोळा. गरजेच्या वस्तू मात्र दोघांच्या जवळपास सारख्याच. शिवाय त्या ऐंशीतले पंधरा किलो पोटावर असतील तर ते आधीच उचललेलं ओझं आहे. त्यावर टक्केवारी काढून आणखी सामान देणं म्हणजे शिक्षा.

म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून वजन नेमकं काय करतं ते पाहू. उदाहरण कळसूबाईचं घेऊ. शिखर १६४६ मीटर आणि बारी गावातून चढ जवळपास ९०० मीटरचा. वाट ओळखीची, शिड्या आहेत, चुकायची भीती नाही. त्यामुळे इथे दमछाक होते ती निव्वळ चढाने आणि ओझ्याने.

ओझं घेऊन चालायला किती ऊर्जा लागते याचं एक जुनं सूत्र आहे. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी ते १९७७ मध्ये मांडलं आणि पॅन्डॉल्फ यांच्या नावाने ते ओळखलं जातं. शरीराचं वजन, पाठीवरचं वजन, वेग, चढाची टक्केवारी आणि वाटेचा प्रकार एवढ्या गोष्टी त्यात घालाव्या लागतात. वाटेच्या प्रकाराला एक आकडा आहे: डांबरी रस्त्याला १, मातीच्या रस्त्याला १.१, विरळ झुडपांतून १.२, दाट झाडोऱ्यातून १.५ आणि सैल वाळूत २.१. हा आकडा शरीर आणि ओझं या दोन्हींच्या बेरजेला गुणतो. कारवीच्या रानात किंवा घसाऱ्यावर, म्हणजे सैल माती-खड्यांच्या उतारावर, तीच सॅक जड का वाटते, याचं उत्तर त्यात आलं.

आता सत्तर किलोचा माणूस, वीस टक्के चढ (शंभर मीटर पुढे गेलं की वीस मीटर उंची), तासाला २.२ किलोमीटर वेग, म्हणजे तासाभरात साधारण ४३० मीटर उंची, आणि वाटेचा आकडा १.२ धरू. रिकाम्या पाठीने तासाला सुमारे ४३० कॅलरी जळतात. आठ किलोची सॅक घेतली तर ४७५ आणि सोळा किलोची घेतली तर ५२०. म्हणजे आठचे सोळा किलो झाले तरी तासाला फरक फक्त ४५ कॅलरींचा. दोन ग्लुकोज बिस्किटं!

मग सोळा किलोवाल्याचा जीव का जातो? कारण प्रश्न एकूण किती जळलं याचा नाही, कोणत्या दराने जळतंय याचा आहे. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाचं शरीर पूर्ण ताकद लावून मिनिटाला, दर किलो वजनामागे, साधारण ३५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं असं धरू. वरच्या हिशेबात रिकाम्या पाठीला त्यातले २१ ते २२ लागतात, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास. आठ किलोला ६७ टक्के होतात आणि सोळा किलोला ७३. नेमक्या याच पट्ट्यात बऱ्याच जणांची ती रेषा असते, जिच्या अलीकडे गप्पा मारत चढता येतं आणि पलीकडे दर पन्नास पावलांवर गुडघ्यावर हात ठेवून उभं राहावं लागतं. रेषा कुठे आहे हे कळायला घड्याळाची गरज नाही. न थांबता एक लांबलचक वाक्य बोलून बघा. मधेच श्वास घ्यावा लागला तर वेग तुमच्यासाठी जास्त आहे.

त्याच दमात, म्हणजे रिकाम्या पाठीला जेवढे कष्ट पडतात तेवढेच ठेवून चढायचं ठरवलं, तर सूत्राप्रमाणे ९०० मीटरच्या चढाला रिकाम्या पाठीने दोन तास पाच मिनिटं, आठ किलोने दोन तास वीस आणि सोळा किलोने दोन तास पस्तीस मिनिटं लागतात. ही थांबे न धरता काढलेली वेळ आहे. पंधरा मिनिटांचा फरक कोणी मनावर घेत नाही. बिघडतं ते पुढे: जड सॅकवाला पंधरा मिनिटं मागे पडायच्या ऐवजी ग्रुपच्या वेगाला चिकटून राहायला बघतो, रेषा ओलांडतो, आणि पहिल्या पठारावर पोहोचेपर्यंत त्याच्या मांड्या भरून येतात. त्यावर पुढचे जे बसून वाट बघत असतात ते हा पोहोचला की लगेच उठतात. त्यांची विश्रांती झालेली असते, याची नाही. लीडरने ही एक सवय मोडली तरी निम्मे प्रश्न मिटतील: सगळ्यात जड सॅक सगळ्यात पुढे ठेवा, बाकीच्यांनी तिच्यामागून चालावं.

पाण्याचं वजन

सह्याद्रीत सॅकचं वजन म्हणजे आधी पाण्याचं वजन. हिमालयात वाटेवर ओढे भेटतात, इथे डिसेंबरनंतर डोंगर कोरडा. एका मुक्कामाच्या ट्रेकची सॅक प्रामाणिकपणे भरली तर हिशेब साधारण असा होतो: रिकामी सॅक दीड किलोच्या वर, स्लीपिंग बॅग एक किलो, मॅट चारशे ग्रॅम, कपडे आठशे, ताट-मग-चमचा अडीचशे, टॉर्च आणि औषधं तीनशे, स्वतःचं खाणं आठशे, ग्रुपच्या सामानाचा वाटा दीड किलो, किरकोळ अर्धा किलो. हे झाले सात किलो. त्यावर तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, एकूण दहा. जवळपास तिसरा हिस्सा पाणी. टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवणाऱ्यांनी आधी हा हिस्सा बघावा.

पाणी कमी न्या असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पाणी टप्प्याने मोजा. पायथ्यापासून पहिल्या खात्रीच्या पाण्यापर्यंत किती तास, ते ठरवा. थंडीत तासाला अर्धा लिटर, मार्च ते मे तासाला पाऊण लिटर, आणि वर अर्धा लिटर राखीव. हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून तोलार खिंडीतून चार-पाच तास धरले तर डिसेंबरात तीन लिटर लागतं आणि मेमध्ये सव्वाचार. तोच गड पाचनईहून दोन-अडीच तासांत होतो, म्हणजे थंडीत पावणेदोन लिटर पुरतं. गड एकच, पण वाट बदलल्यावर पाठीवरचा सव्वा किलो कमी. गडावरच्या खडकात कोरलेल्या टाक्यांत पाणी आहे का आणि ते पिण्याजोगं आहे का, हे इंटरनेटवरच्या जुन्या लेखावरून ठरवू नये. आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात, जिथे जेवणाची सोय सांगितली आहे तिथेच फोन करून विचारावं. गडावर सात टाकी असतात आणि त्यातल्या दोनचंच पाणी गावकरी पितात, हे त्यांनाच माहीत असतं.

टाक्याच्या पाण्याची शंका वाटते म्हणून दोन लिटर जास्तीचं पाणी खालून नेणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब न्यावेत. वजन काही ग्रॅम. पाणी पंचाच्या चार घड्यांतून गाळायचं, बाटलीवर लिहिलेल्या मापाने औषध टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. घाई करून दहा मिनिटांत प्यायलं तर औषध टाकून न टाकल्यासारखं.

निघताना पायथ्याशीच अर्धा लिटर पिऊन घ्यावं. वजन तेवढंच राहतं, पण पट्ट्यांवर येत नाही.

वजन आणि पाणी एकमेकांना कसं वाढवतात तेही बघण्यासारखं आहे. चढताना जळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती उष्णता घालवायला घाम लागतो. वरच्याच उदाहरणात आठ जादा किलोंनी तासाला साठ-सत्तर मिलिलिटर घाम जास्त लागतो, तोही प्रत्येक थेंब वाळला तर. कोकणाच्या बाजूने, दमट हवेत नाळेतून, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून, चढताना घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. शिवाय पाठीचा सगळा भाग सॅकने झाकलेला. त्यात वेग कमी झाला की उन्हातला वेळ वाढतो, वेळ वाढला की पाणी जास्त लागतं आणि पाणी जास्त घेतलं की वेग आणखी कमी होतो. उन्हाळ्यात हे चक्र तोडायचा एकच खरा उपाय आहे: पहाटे पाचला चालायला लागणं. साडेआठपर्यंत मोठा चढ संपला तर लिटरभर पाणी वाचतं. कोणत्याही महागड्या हलक्या सॅकने एवढं वजन वाचत नाही.

स्वयंपाकाचंही पाण्याशीच नातं आहे. खिचडीला माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ म्हणजे हलकं जेवण वाटतं, पण शिजवायला माणशी साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी लागतं आणि पातेलं घासायला वेगळं. मुक्कामाच्या जागी टाकं असेल तर खिचडीसारखं दुसरं काही नाही. पाणी खालून वाहायचं असेल तर मात्र दशम्या किंवा ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घ्या आणि स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेली घरी ठेवा. वाटेतल्या खाण्यात शेंगदाणे शंभर ग्रॅमला सुमारे ५७० कॅलरी देतात आणि गूळ ३८०. काकडीत जेमतेम १५. काकडी घेऊ नये असं नाही, पण ती पाण्याच्या हिशेबात धरावी, खाण्याच्या नाही.

पायातलं आणि पाठीवरचं

पायात चढवलेलं वजन पाठीवरच्या वजनाच्या साधारण चार ते सहा पट महाग पडतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलून, पुढे फेकून, थांबवावं लागतं. दोन्ही बुटांत मिळून चारशे ग्रॅम जास्त असतील तर सॅकमध्ये दोन किलो घातल्यासारखंच. एका दिवसाच्या किल्ल्याला घोट्यावर चढणारे जाड चामडी बूट घालणाऱ्यांनी एकदा हा गुणाकार करावा. पावसाळ्यात तर पाणी प्यायलेला बूट आणि तळव्याला चिकटलेला चिखल मिळून हे वजन आपोआप वाढतं. पाणी आत जाणारच, तेव्हा लवकर निथळणारा कापडी बूट आणि चांगली पकड एवढं पुरे.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर याव्यात. तळाशी स्लीपिंग बॅग, त्यावर पाठीच्या बाजूने पाणी, शिधा आणि भांडी, बाहेरच्या बाजूने कपडे, वर विंडचीटर आणि खाऊ. तीन किलोचा तंबू मागे बाहेरून बांधला तर वजन तेच राहतं, पण मागे ओढणारा जोर अंतराच्या पटीत वाढतो आणि तो सावरायला माणूस दिवसभर कमरेतून पुढे वाकून चालतो. संध्याकाळी दुखते ती कंबर यामुळे. बाजूला लटकवलेला मग, चपला, बाहेर आलेली मॅट या गोष्टी करवंदाच्या जाळीत अडकतात, आणि अरुंद ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याला आडव्या जाणाऱ्या वाटेवर, मॅटचं टोक कड्याला घासलं की माणूस दरीकडे ढकलला जातो. मॅट उभी बांधा, आडवी नको.

रॉकपॅच, म्हणजे हातांनी पकड घेत चढायचा खडकाचा टप्पा, असलेल्या वाटेला हीच रचना जरा बदलायची. जड सामान थोडं खाली आणायचं म्हणजे तोल जात नाही. वरचा कप्पा फार फुगलेला असेल तर मान वर करून पुढची पकड बघताच येत नाही, डोकं त्यावर आपटतं. अवघड टप्प्यावर सॅक पाठीवर घेऊन शौर्य दाखवण्यापेक्षा दोराने वर ओढून घ्यावी. दोर सॅकच्या वरच्या जाड पकडीत कॅराबिनरने (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने) अडकवायचा आणि जोडीला एका खांद्याच्या पट्ट्यातूनही घ्यायचा; फक्त पट्ट्यात अडकवला तर झटका बसून शिवण उसवते. कमरेचा पट्टा सॅकभोवती उलटा गुंडाळून लावायचा, नाहीतर तो खडकाच्या फटीत बसतो आणि सॅक मधेच अडकते. आणि सॅक वर जात असताना खाली कोणीही उभं राहायचं नाही. बाटलीचा कप्पा उघडा राहिला तर काय खाली येतं ते सांगायला नको.

सॅक अंगावर चढवायचाही एक क्रम आहे. सगळ्या पट्ट्या सैल करा. सॅक पाठीवर घेऊन थोडं पुढे वाका आणि कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या कडेवर आणा. पोटावर नको, मांडीच्या सांध्यावरही नको. तिथे तो घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण फक्त खांद्याला टेकतील इतपत. त्यानंतर खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या ओढा म्हणजे माथा पाठीला चिकटतो. शेवटी छातीचा पट्टा. बरोबर बसली आहे का ते बघायला खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सरकवा. ती चेंगरत असतील तर वजन अजून खांद्यावरच आहे. सॅकची लांबीही तपासा: मान पुढे वाकवल्यावर मागे जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या पातळीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. लिटरमध्ये लिहिलेल्या आकड्याचा याच्याशी काही संबंध नाही. स्वस्त सॅकना कमरेला पट्टा असतो, पण पाठीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा टणक शीट नसते. मग सॅक मधेच दुमडते आणि पट्टा नुसता शोभेला उरतो. आठ किलोच्या पुढे अशी सॅक नको.

काय काढायचं हे काटा सांगतो. प्रवासी बॅगांसाठी मिळणारा हातात धरायचा डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक वस्तू वेगळी लटकवून मोजा. स्टीलची दुहेरी भिंतीची लिटरची बाटली रिकामीच अर्ध्या किलोपर्यंत जाते, मिनरल वॉटरची तीस ग्रॅमच्या आसपास असते. जाड टर्किश टॉवेल आणि साधा पंचा यांत तीनशे ग्रॅमचा फरक सहज निघतो. सोलापुरी चादर किलोच्या वर असते आणि डिसेंबरच्या गुहेत तिच्याने थंडीही भागत नाही. जीन्स तर नकोच: कोरडी असतानाच जड, आणि भिजली की दिवसभर वाळत नाही. वीस हजार एमएएचची पॉवरबँक एका रात्रीला कशाला लागते, हे मला आजवर उमगलेलं नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तर दहा हजार एमएएचच्या बँकेतही शिल्लक राहते. मात्र टॉर्चचे जादा सेल, क्रेप बँडेज, ओआरएस आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड या गोष्टींना कात्री लावू नये. पावसाळ्यात सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर भरवसा न ठेवता आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला. कव्हर वरून येणारा पाऊस अडवतं, पाठीवरून ओघळत आत शिरणारं पाणी नाही. भिजलेली स्लीपिंग बॅग जड तर होतेच, पण रात्री कामाचीही राहत नाही.

ग्रुपचं सामान समान वाटू नये. आधी सगळ्यांच्या स्वतःच्या सॅक पाण्यासकट मोजाव्यात, मग दोर, भांडी, गॅस, तंबू हे शरीराच्या वजनाच्या आणि दमाच्या हिशेबाने द्यावेत. संपत जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे शिधा आणि स्वयंपाकाचं पाणी, सगळ्यात कच्च्या माणसाला द्याव्यात म्हणजे त्याची सॅक जेवणागणिक हलकी होते. दोर आणि तंबू शेवटपर्यंत तेवढेच राहतात, ते तगड्यांकडे.

उतरताना वरचं सूत्र चालत नाही. दम लागत नाही म्हणून उतार सोपा वाटतो, पण इथे मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलत असतात. दोन दिवसांनी जिना उतरताना रडवतात ते हेच स्नायू. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, म्हणजे सॅकमधला प्रत्येक किलो गुडघ्याला तीन किलोंच्या वर लागतो. बावीस सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ९०० मीटरचा उतार म्हणजे दोन्ही गुडघे मिळून चार हजार वेळा. ट्रेकिंगच्या दोन काठ्यांनी उतारावर गुडघ्यावरचा हा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी होत असल्याचं मोजमापांत दिसलं आहे. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवायची आणि उतरताना ती पाच ते दहा सेंटिमीटर वाढवायची. रॉकपॅचवर आणि शिड्यांवर काठ्या मिटवून, टोकं खाली करून सॅकला बांधायच्या, कारण तिथे हात मोकळे हवेत.

उतरायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं थांबून सॅक पुन्हा लावा. शिधा संपल्यामुळे आतलं सामान हललेलं असतं आणि उडी मारताना ते एका बाजूला जातं. बाजूच्या दाबणाऱ्या पट्ट्या ओढून घ्या, बुटाची नाडी घोट्यापाशी एक वेढा जास्त देऊन बांधा म्हणजे अंगठे पुढे आपटत नाहीत, आणि बाटल्यांमधलं पाणी बघा. खाली गाव दोन तासांवर असेल तर माणशी एक लिटर ठेवायचं, आणि उरलेलं ओतून टाकण्याआधी वर चढून येणाऱ्या कोणाला हवंय का ते विचारायचं.